गाणं कुणाच्या नावावर?

जून १९६७ मधली शनिवारची रात्र. कॅलिफोर्नियातल्या माँटेरीला भरलेल्या पॉप महोत्सवात ओटिस रेडिंग गातो आहे. एका गाण्याआधी तो समोरच्या गर्दीला सांगतो, की हे गाणं एका मुलीनं माझ्याकडून नेलं, चांगली मैत्रीण आहे माझी, पण नेलं ते नेलंच. तरी मी ते गाणारच. आणि 'रिस्पेक्ट' सुरू होतं. शब्द त्याचे, चाल त्याची, दोन वर्षांपूर्वी निघालेल्या रेकॉर्डवर आवाजही त्याचाच. पण त्याच महिन्यात हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं होतं ते अरीथा फ्रँकलिनच्या आवाजात.

त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. ओटिसच्या बोलण्यात कडवटपणा अजिबात नाही. कौतुक आहे, जराशी रुखरुख आहे, आणि पुढच्याच क्षणी तो ज्या ताकदीनं गाण्यावर तुटून पडतो ती ऐकली की कळतं, गाणं गेलं हे त्यानं मान्य केलंय, पण सोडून दिलेलं नाही.

गाण्यांमागच्या गोष्टी वाचायचा मला नाद आहे. कॅसेटच्या आत घडी करून घातलेल्या कागदावरची बारीक अक्षरं वाचता वाचता तो लागला. बाहेर गायकाचा मोठा फोटो, आत प्रत्येक गाण्याखाली कंसात एकदोन नावं. पुष्कळदा त्या कंसात गायकाचं नाव नसायचंच. मग प्रश्न पडायचा, की इतकं जीव तोडून गाणारा हा माणूस दुसऱ्या कुणाचं मनोगत सांगतोय? आणि ज्याचं ते होतं, त्याला हे ऐकून काय वाटत असेल? अमुक गाणं अमक्या प्रेयसीवर आहे, तमक्याचं तमकीशी बिनसलं होतं, असल्या माहितीचं मला फारसं अप्रूप नाही. मला ओढ आहे ती त्या वळणाची, जिथे गाणं एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातं.

'रिस्पेक्ट'चंच बघा. आधी ओटिसचं ऐकावं, मग अरीथाचं. ओटिसच्या गाण्यातला पुरुष दमून घरी येतो, कमाई बायकोच्या हातावर ठेवतो आणि घरात आल्यावर थोडा मान मागतो. गाणं जोरकस आहे, पण मागणी जुनीच आहे, पुरुषांनी घरोघर केलेली. १४ फेब्रुवारी १९६७ ला न्यूयॉर्कच्या अटलांटिक स्टुडिओत अरीथानं तेच गाणं बाईच्या तोंडी घातलं. शब्द बरेचसे तेच राहिले, बोलणारं माणूस बदललं, आणि गाण्याचं सगळं वजन एका बाजूचं दुसऱ्या बाजूला गेलं. मधेच वाद्यं थांबतात आणि ती त्या शब्दाचं स्पेलिंग एकेक अक्षर सुटं करून, ठासून सांगते. ओटिसच्या गाण्यात ही जागाच नाही. मागे कॅरोलिन आणि अर्मा या तिच्या सख्ख्या बहिणी आहेत. त्यांचे ते मधूनमधून येणारे चपळ उद्गार ओटिसकडे नाहीत. किंग कर्टिसचा सॅक्सोफोन जिथे येतो तो तुकडासुद्धा नवा, त्याच्या कॉर्ड्स, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांचे गुच्छ, सॅम अँड डेव्ह या जोडीच्या एका वेगळ्याच गाण्यातून घेतलेल्या. पुढे नागरी हक्कांच्या आणि स्त्रियांच्या चळवळीनं जे गाणं उचललं ते हे.

आणि तरी कायद्याच्या दृष्टीनं ते ओटिसचंच. अमेरिकेत एकदा गाणं प्रसिद्ध झालं, की ठरलेलं मानधन भरून कुणीही ते पुन्हा ध्वनिमुद्रित करू शकतं, लिहिणाऱ्याची परवानगी लागत नाही. त्यामुळे ओटिसला 'नको' म्हणता आलं नसतं. मात्र तिथल्या रेडिओवर गाणं वाजलं, की पैसे मिळतात लिहिणाऱ्याला आणि त्याच्या प्रकाशकाला. गाणाऱ्याला काही नाही. अरीथाचं 'रिस्पेक्ट' रेडिओवर गेली पन्नासहून अधिक वर्षं वाजतंय आणि त्याचा मोबदला ओटिसच्या घरी जातोय. कागदावर गाणं त्याचं, कानात गाणं तिचं. हा हिशेब मला आधी अन्यायाचा वाटायचा. अरीथासारख्या गायिकेला रेडिओनं काही देऊ नये हे अजूनही पटत नाही. पण ओटिसची पुढची हकिकत कळल्यावर त्याच्या घरी ते पैसे जात राहिले याचं बरंही वाटतं.

कारण त्या जूननंतर त्याच्या हाती सहाच महिने होते. १० डिसेंबर १९६७ ला विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनजवळ त्याचं छोटं विमान मोनोना तळ्यात कोसळलं. तो २६ वर्षांचा होता. त्याच्याबरोबर 'बार-केज' या साथीच्या बँडमधली कोवळी पोरं गेली. विमानातल्यांपैकी एकटा ट्रम्पेटवादक बेन कॉली वाचला. त्याच्या आदल्या काही दिवसांत ओटिस मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत एक नवं गाणं गात होता. सॉसलिटोला एका हाउसबोटीवर सुचलेलं, गिटारवादक स्टीव्ह क्रॉपरबरोबर पुरं केलेलं 'द डॉक ऑफ द बे'. शेवटी शब्द संपतात आणि तो नुसती शिट्टी वाजवत राहतो. लाटांचा आणि पक्ष्यांचा आवाज क्रॉपरनं नंतर घातला, मित्र गेल्यानंतर, त्याच आठवड्यांत बसून. अमेरिकेच्या यादीत गायकाच्या मृत्यूनंतर पहिल्या क्रमांकावर गेलेलं हे पहिलं गाणं. ज्या माणसाला आपलं गाणं दुसऱ्याच्या तोंडून शिखरावर गेलेलं पाहावं लागलं, त्याचं स्वतःचं शिखर त्याला बघायलाच मिळालं नाही.

'आय विल ऑल्वेज लव्ह यू' हे व्हिटनी ह्यूस्टनचं गाणं आहे असं मानणारे लोक मला अजून भेटतात. मानू देत. त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण डॉली पार्टननं ते का लिहिलं हे कळलं, की ते प्रेमभंगाचं गाणं राहत नाही. ते नोकरी सोडण्याचं गाणं आहे.

१९६७ मध्ये पोर्टर वॅगनरनं आपल्या टीव्ही कार्यक्रमात डॉलीला घेतलं. तो मोठा स्टार, ही डोंगराळ टेनेसीतून आलेली नवखी मुलगी. पाच वर्षं त्याच्याबरोबर राहायचं असं तिच्या मनात होतं, सात झाली. तिला स्वतःचं काही करायचं होतं आणि पोर्टर ऐकायला तयार नव्हता. दोघंही हट्टी, रोज वाद. वादानं काही होत नाही म्हटल्यावर तिनं घरी बसून गाणं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी जाऊन त्याला म्हणून दाखवलं. पोर्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. तू लिहिलेलं हे सगळ्यात चांगलं गाणं आहे, म्हणाला, आणि ते रेकॉर्ड मला करू देणार असशील तर जा. डॉली हा प्रसंग अनेक मुलाखतींत सांगत आली आहे आणि दर वेळी तिच्या आवाजात पोर्टरबद्दल माया असते. खरं तर पुढे त्यानं तिच्यावर लाखो डॉलर्सचा दावा लावला होता. तो कोर्टाबाहेर मिटला, आणि २००७ मध्ये तो गेला त्या शेवटच्या काळात डॉली त्याच्यापाशी होती.

१९७४ मध्ये आलेलं तिचं मूळ गाणं तीन मिनिटांहून कमी आहे. ती ते जवळजवळ कुजबुजत म्हणते. ध्रुवपदात गाण्याच्या नावाशिवाय दुसरा शब्द नाही. आणि शेवटचं कडवं ती गात नाही, बोलते. निरोप घेताना गाणं जमेना म्हणून बोलून टाकावं तसं. समोरच्याला सुख मिळो, सगळं भलं होवो, आणि त्याहून वर प्रेम मिळो, एवढंच त्या कडव्यात आहे. नोकरी सोडताना वरिष्ठाला असं काही म्हणता येणारी माणसं किती असतील!

मग एल्विस प्रेस्लीला ते गाणं गायचं होतं. डॉलीचा आनंद गगनात मावेना. पण एल्विसचा व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर याची पद्धत अशी, की एल्विस गाणार असेल तर गाण्याच्या प्रकाशनहक्कातला अर्धा वाटा आम्हाला द्यायचा. तेव्हा एल्विसला नाही म्हणणारं कोण होतं? डॉली नाही म्हणाली. ती सांगते की त्या रात्री ती रडत होती, पण हे गाणं मी माझ्या माणसांसाठी राखून ठेवणार, हे तिचं पक्कं होतं. इथे मला थांबावंसं वाटतं. अजून तिशीही न गाठलेली एक बाई, नुकतीच एका बलाढ्य पुरुषाच्या छायेतून बाहेर पडलेली, आणि सगळ्या जगातल्या सर्वात मोठ्या गायकाला ती केवळ एका कागदासाठी परत पाठवते.

तो कागद १९९२ मध्ये कामाला आला. 'द बॉडीगार्ड' चित्रपटासाठी आधी दुसरंच गाणं ठरलं होतं, पण ते नुकतंच एका वेगळ्या चित्रपटात वापरलं गेलं होतं. मग नायक केविन कॉस्टनरनं डॉलीचं गाणं सुचवलं, तेही लिंडा रॉन्स्टॅटनं १९७५ मध्ये गायलेलं रूप ऐकवून. रॉन्स्टॅटच्या रेकॉर्डवर शेवटचं कडवंच नव्हतं. निर्माता डेव्हिड फॉस्टर सांगतो, की त्यानं डॉलीला फोन केला तेव्हा तिनंच त्या कडव्याची आठवण करून दिली आणि शब्द सांगितले. तो फोन झाला नसता तर गाण्यातलं सगळ्यात उदार कडवं जगानं ऐकलंच नसतं.

सुरुवातीला वाद्यं नकोत, हाही आग्रह कॉस्टनरचाच. एवढा वेळ नुसता आवाज ठेवला तर रेडिओवाले वाजवायचे नाहीत, ही भीती होती. पण व्हिटनी एकटी सुरू करते आणि ऐकणारा जागचा हलत नाही. शेवटाकडे एक क्षण पूर्ण शांतता आहे, मग ड्रमचा एकच ठोका, आणि ती एका पट्टीवरून वरच्या पट्टीत उडी घेते. ती शांतता किती लांब आहे हे मला पाठ आहे आणि तरी दर वेळी तो ठोका अंगावर येतो. १४ आठवडे ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. मिळालेल्या पैशांतून डॉलीनं नॅशव्हिलच्या एका कृष्णवर्णीय वस्तीत जागा घेतली आणि ती जागा व्हिटनीनं बांधून दिलेली आहे असं ती अभिमानानं सांगते.

तरी निवड करायची वेळ आली तर मी डॉलीकडे जातो. व्हिटनीच्या गाण्यात निरोप देणारी जिंकलेली आहे. डॉलीच्या गाण्यात ती दाराशी उभी आहे, आणि पुढे काय होणार हे तिला ठाऊक नाही. या गाण्याचं मूळ तिथे आहे.

माझी एक मैत्रीण या सगळ्याला वैतागते. 'गाणं सरळ ऐक ना,' म्हणते. 'ज्याला उभं राहायला गोष्टीचा टेकू लागतो, ते गाणंच नव्हे.' तिचं म्हणणं बरोबर आहे, आणि तरी मी तिला एका गाण्याचा शेवटचा सूर ऐकवतो.

'किलिंग मी सॉफ्टली विथ हिज साँग.' १९७३, रॉबर्टा फ्लॅक. सगळं गाणं उदास, मायनरमध्ये चालतं, आणि अगदी अखेरीस, जिथे ते विझणार असं वाटतं, तिथे कॉर्ड मेजर होते. एकदम खिडकी उघडते. हे मूळ चालीत नव्हतं. फ्लॅक शास्त्रीय पियानो शिकलेली. तिनं स्वतःच सांगितलंय की तिनं काही कॉर्ड्स बदलल्या आणि शेवट मेजरवर करायचं ठरवलं. ध्रुवपद उचलून सुरुवातीला आणलं तेही तिनंच. विमानप्रवासात आसनाशेजारच्या हेडफोनवर तिला हे गाणं एका अनोळखी गायिकेच्या आवाजात ऐकू आलं, आणि तिथल्या तिथे पुन्हा पुन्हा ऐकून तिनं ते टिपून घेतलं.

ती अनोळखी गायिका म्हणजे लोरी लीबरमन. १९७१ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर असताना, लॉस एंजेलिसच्या ट्रूबडूर क्लबमध्ये ती डॉन मॅक्लीनला ऐकायला गेली होती. त्याचं एक गाणं ऐकताना तिला वाटलं की हा माणूस मला ओळखत नाही आणि माझंच आयुष्य सगळ्यांसमोर वाचून दाखवतो आहे. तिथेच कागदी नॅपकिनवर तिनं काही ओळी खरडल्या. तिचं काम तेव्हा नॉर्मन गिम्बेल आणि चार्ल्स फॉक्स हे गीतकार-संगीतकार बघत. गिम्बेलला तिनं तो अनुभव सांगितला. एका कादंबरीतून सुचलेली हळुवार मारण्याची एक कल्पना त्याच्या वहीत आधीपासून होती. दोन्ही जुळलं, त्यानं शब्द लिहिले, फॉक्सनं चाल दिली, आणि १९७२ मध्ये लोरीनं ते गायलं. फारसं कुणी ऐकलं नाही. विमानात एकीनं ऐकलं.

फ्लॅकचं गाणं पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, तिला आणि गीतकारांना ग्रॅमी मिळाले. कंसातल्या बारीक अक्षरांत दोन नावं होती, तिसरं नव्हतं. आणि पुढे अनेक वर्षांनी वाद असा झाला, की लोरीच्या त्या संध्याकाळीचा गाण्याशी काही संबंधच नाही, असं त्या दोघांकडून सांगितलं जाऊ लागलं. १९७३ च्या एका वर्तमानपत्री मुलाखतीत मात्र खुद्द गिम्बेलनंच तिच्या त्या अनुभवाची हकिकत सांगितलेली होती. मॅक्लीननंही लोरीचीच बाजू घेतली.

मी इथे तटस्थ नाही. शब्द जुळवण्याचं आणि चाल बांधण्याचं काम गिम्बेल-फॉक्स यांचं, त्याचं मोल त्यांना मिळायलाच हवं. पण ऐकणाऱ्याच्या काळजात जे झालं ते या गाण्याचा विषयच आहे, आणि ते काळीज लोरीचं होतं. अनुभवाचा हक्क कुठल्याच कायद्यात नोंदवता येत नाही, म्हणून निदान तो सांगताना तरी तिचं नाव गाळू नये. १९९६ मध्ये फ्युजीज या बँडमधल्या लॉरिन हिलनं हे गाणं पुन्हा घरोघर पोचवलं. ज्या पिढीनं ते तिच्याकडून ऐकलं, त्या पिढीला फ्लॅकसुद्धा मागाहून कळली. लोरी तर दोन घरं मागे. मैत्रिणीला मी तो शेवटचा मेजर सूर ऐकवला आणि मग लोरीचं मूळ गाणं लावलं. ती काही बोलली नाही, पण 'पुन्हा लाव' म्हणाली.

कधी गाणं दुसऱ्याला द्यावं लागतं, कारण ते त्याच्याबद्दलच असतं. अॅबा या स्वीडिश बँडमधल्या ब्यॉर्न उल्व्हायसनं 'द विनर टेक्स इट ऑल' १९८० मध्ये लिहिलं तेव्हा त्याचा आणि त्याच बँडमधल्या गायिकेचा, आग्नेथा फेल्टस्कोगचा, घटस्फोट होत होता. शब्द त्याचे, ब्रँडी घेत तासाभरात उतरलेले असं तो सांगतो, आणि ते गायचे होते तिला, हरलेल्या बाईच्या तोंडून. हे आमचं खरं चरित्र नाही, आमच्यात कुणी जिंकलं नव्हतं, असंही तो म्हणत आला आहे. त्याच्यावर विश्वास ठेवायला माझी हरकत नाही. पण तिचा आवाज ऐकताना तो विश्वास टिकवून धरणं अवघड जातं.

शिनेड ओ'कॉनरची गोष्ट याच्या नेमकी उलट. 'नथिंग कंपेअर्स टू यू' प्रिन्सनं लिहिलं आणि १९८५ मध्ये आपल्याच 'द फॅमिली' या बँडच्या अल्बममध्ये घातलं. ते तसंच पडून होतं. १९९० मध्ये शिनेडनं ते उचललं. त्या गाण्याचं चित्रण बहुतेकांना आठवत असेल: पूर्ण पडदाभर तिचा चेहरा, बारीक कापलेले केस, थेट आपल्याकडे बघणारे डोळे. आईनं परसात लावलेली फुलं सुकून गेली, अशा अर्थाची एक ओळ येते आणि तिच्या डोळ्यांतून खरंच पाणी ओघळतं. ते ठरवलेलं नव्हतं. शिनेडची आई १९८५ मध्येच मोटार अपघातात गेली होती. त्या आईनं तिला लहानपणी अतोनात मारलं होतं, छळलं होतं, आणि शिनेडनं ते कधी लपवलं नाही. तरी हे गाणं म्हणताना आपण आईशी बोलत असतो, असं ती सांगायची.

प्रिन्सनं ती ओळ लिहिताना त्याच्या मनात कोण होतं, याचा शिनेडच्या अश्रूशी संबंध नाही. प्रियकरानं प्रेयसीला म्हणायचं गाणं एका मुलीनं, जिच्याशी भांडणही मिटलं नव्हतं अशा आईसाठी गायलं. छळणाऱ्या माणसाचीही आठवण कशी येते, त्याच्यावाचूनही घर कसं रिकामं होतं, हे इतकं अवघड दुःख प्रेमगीताच्या आडोशानं जगासमोर आलं. मला वाटतं म्हणूनच ते गाणं कुणाचंही होऊ शकलं.

पण हक्क हक्कच. २०२२ मध्ये शिनेडच्या आयुष्यावर एक माहितीपट आला. त्याचं नावसुद्धा या गाण्यावरून घेतलेलं. आणि त्यात ते गाणंच नाही. गाणं नव्यानं गायला परवानगी लागत नाही, पण चित्रपटात वापरायचं तर लागते, आणि प्रिन्सच्या वारसांनी ती दिली नाही. पुढच्या वर्षी, जुलै २०२३ मध्ये, शिनेड गेली. ५६ वर्षांची होती. तिच्या बातम्यांबरोबर जगभर पडद्यावर तोच चेहरा आणि तोच अश्रू होता. त्या वारसांचा राग मला आजही येतो.

ट्रेसी चॅपमननं मात्र गाण्याचे कागद स्वतःकडे ठेवले होते. ११ जून १९८८, लंडनचं वेम्ब्ली स्टेडियम, तुरुंगात असलेल्या नेल्सन मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त प्रचंड मैफल. ट्रेसी २४ वर्षांची, पहिला अल्बम येऊन जेमतेम दोन महिने झालेले. दुपारी तिनं आपली छोटीशी हजेरी लावली आणि तिचं काम संपलं. संध्याकाळी स्टीव्ही वंडरची पाळी होती. ऐन वेळी लक्षात आलं, की त्याच्या सिंथेसायझरची हार्ड डिस्क आलीच नाही. सगळं संगीत तिच्यात. तो तसाच मागे फिरला. जगभर थेट प्रक्षेपण चालू, मंच रिकामा. कुणीतरी ट्रेसीला पुन्हा पुढे केलं, कारण तिला लागत होती ती फक्त एक गिटार आणि एक माइक.

ती 'फास्ट कार' गायली. एवढ्या मोठ्या मैदानात एकटी बाई, गिटारीवर तोच तो फिरत राहणारा छोटासा तुकडा, आणि दारिद्र्यातून निघून जाऊ पाहणाऱ्या मुलीची गोष्ट. दारू पिणारा बाप, सोडून गेलेली आई, दुकानातली नोकरी, आणि शेवटी ज्याच्या गाडीतून पळून जायचं तोही बापाच्याच वाटेला लागलेला. मैदान हळूहळू शांत होत गेलं. त्यानंतर तिचा अल्बम अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, आणि गाणं अमेरिकेच्या यादीत सहाव्या.

३५ वर्षांनी ल्यूक कोम्ब्स या कंट्री गायकानं ते गायलं. लहानपणी वडिलांबरोबर ऐकलेलं, त्याच्या फार आवडीचं. गाण्यातली नायिका मुलगी आहे आणि गाणारा दाढीवाला पुरुष, पण त्यानं शब्दालाही हात लावला नाही. दुकानात काम करणारी 'मुलगी' त्याच्याही तोंडी मुलगीच राहिली. हा त्याचा साधेपणा मला फार आवडतो. अमेरिकेत ते दुसऱ्या क्रमांकावर पोचलं, मूळ गाण्याच्याही वर, आणि रेडिओवरच्या कंट्री यादीत पहिल्या. एकटीनं लिहिलेलं गाणं त्या यादीत अग्रस्थानी नेणारी ट्रेसी ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. नोव्हेंबर २०२३ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातल्या गाण्याचा पुरस्कारही तिलाच मिळाला, १९८८ च्या गाण्याला.

तिला कुणी काहीही मागावं आणि तिनं द्यावं, असं मात्र नाही. काही वर्षांपूर्वी निकी मिनाजनं तिच्या एका गाण्याचा भाग घेण्याची परवानगी मागितली होती. ट्रेसीनं नकार दिला, तरी ते गाणं बाहेर आलं, तेव्हा ती कोर्टात गेली आणि साडेचार लाख डॉलर्सवर प्रकरण मिटलं. म्हणून ४ फेब्रुवारी २०२४ च्या ग्रॅमी समारंभात ती कोम्ब्सबरोबर स्वतः उभी राहिली याला माझ्या लेखी फार अर्थ आहे. वर्षानुवर्षं मंचापासून दूर राहिलेली ती बाई, केस पांढरे झालेले, गिटारीवर तोच तुकडा छेडते आणि हसते. कोम्ब्स बाजूला उभा राहून, तिची पाळी असताना, ओठांतल्या ओठांत तिचेच शब्द म्हणतोय. इतका मोठा झालेला गायक, आणि चेहऱ्यावर भाव बापाशेजारी बसून गाणं ऐकणाऱ्या पोराचे. ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांनी शोधून पाहावं.

सध्या माझ्या कानात मात्र 'विचिटा लाइनमन' आहे. १९६८ मध्ये गायक ग्लेन कॅम्बेलनं गीतकार जिमी वेबला फोन केला, की एखाद्या गावाचं नाव असलेलं गाणं दे. वेब तेव्हा बाविशीच्या आसपासचा. ओक्लाहोमातल्या सपाट माळरानावर, एकामागून एक येणाऱ्या टेलिफोनच्या खांबांपैकी एकावर चढलेला एकटा लाइनमन त्यानं गाडीतून जाताना पाहिला होता, त्यावर त्यानं दोन कडवी लिहिली. तिसरं जमेना. घाई होती म्हणून आहे तसंच पाठवून दिलं, आणि काही निरोप आला नाही म्हणून गाणं आवडलं नसावं असं धरून चालला. पुढे भेट झाल्यावर त्यानं विचारलं तर कॅम्बेल म्हणाला, ते तर आम्ही रेकॉर्डसुद्धा केलं. वेब दचकला, अरे पण ते पुरं झालं नव्हतं! त्यावर कॅम्बेल म्हणाला, की आता झालंय. तिसऱ्या कडव्याच्या जागी त्यानं कॅरोल केकडून मागून घेतलेल्या बेसगिटारवर मूळ चालच खालच्या, जाडसर सुरांत वाजवली आहे.